रुपयातले दोन आणे

बेलापूरला, दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर
आम्ही तिघं एका बाकावर. टोकन एकशे सात.
आत्ता कुठे एकोणनव्वद चाललाय.

कमळाकर म्हणतो, पाम बीचला एकेकाचे चार-चार फ्लॅट,
त्यातले तीन कुलूपबंद.
सरकारनं घुसावं, काढून घ्यावेत, वाटून टाकावेत.
रंगाच्या कंपनीत एकवीस वर्षं होता तो, युनियनचा खजिनदार.
कंपनी गेली. पावतीपुस्तक अजून कपाटात आहे,
अर्धं कोरं.

हरेश हसतो. गळ्यातली साखळी शर्टाच्या आत ढकलतो,
सरकारी कचेरीत आला की ढकलतोच.
दादा, सरकार घुसलंच होतं की एकदा,
आपल्याच खारीत, पार खाडीपर्यंत.
ज्याचं त्याला विकू दिलं असतं ना, तर आज तू नि मी...
पुढचं वाक्य तो हातानं पुरं करतो,
समोरच्या टॉवरच्या विसाव्या मजल्याकडे.

दोघंही खरं बोलतात.
म्हणून तर भांडण मिटत नाही.
गणपतीत, हळदीत, आईच्या तेराव्यालासुद्धा.

बाबांना टक्के कधीच कळले नाहीत.
पहिली नोटीस आली तेव्हा मी सातवीत, मीच वाचून दाखवली.
साडेबाराचा कागद आला तोवर माझं लग्न होऊन गेलेलं.
माहेरपणाला आले होते, तोही मीच वाचला.
म्हणाले, टक्का नको सांगू बाय, रुपयात सांग.
मी सांगितलं, रुपयात दोन आणे.
बोटांच्या पेरांवर बराच वेळ काही मोजत बसले.
मग म्हणाले,
मंग चौदा आणे कुठं ठेवलेन त्यांनी?

चौदा आणे इथंच आहेत, बाबा.
स्टेशन, नाले, होल्डिंग पाँडजवळचे फ्लेमिंगो,
आणि तो दवाखाना, जिथं आईचं डायलिसिस
दोन वर्षं जवळपास फुकट झालं.
हे मी बोलले की दोघं भाऊ माझ्यावर एकदम तुटून पडतात.

आणि मिठागरात पाट्या वाहणारी बुधी कातकरीण?
तिच्या नावावर सातबाराच नव्हता.
तिला ना चौदा, ना दोन.
तिचं नाव दादाच्या भाषणात नाही,
हरेशच्या हिशोबातही नाही.

हक्कसोड पत्र.
लिहून घेणार: कै. पोशा गोमा मढवी यांचे दोन मुलगे.
लिहून देणार: मी.
‘प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणत्याही मोबदल्याशिवाय.’
वकिलाच्या पोरानं पिवळ्या मार्करनं
तीन जागा रंगवून ठेवल्यात, माझ्या सहीच्या.

इथं मात्र एकमत.
एक सरकार विसरला, एक बाजार.
घरातली गोष्ट आहे बाय, कमळाकर म्हणतो,
घरात काय टक्के लावायचे?

आण्याचे चार पैसे, दोन आण्यांचे आठ.
आठ पैसे तिघांत: दोन, दोन, दोन,
वर दोन उरतात.
उरलेले तुम्ही घ्या, असंच म्हणणार होते मी.
कुणी विचारलं असतं तर.

सरकारनं घेतलं तेव्हा नोटीस तरी धाडली होती.
मढवीचं मडवी केलं होतं, पण नाव बाबांचंच.
दर छापला होता. हरकतीला मुदत होती.
मला काल रात्री साडेनऊला फोन आला,
आधार कार्ड घेऊन ये.

एकशे चार. एकशे पाच.
हरेश पेन पुढे करतो, कमळाकर स्वतःचा चष्मा.
मी म्हणते, टक्का सांगा.
कसला टक्का?
माझा.
नाहीच जमलं, तर सरकारी दर लावा.

कुणीच काही बोलत नाही.
चहावाला पोरगा रिकामे ग्लास उचलतो,
माझा अर्धा भरलेला, तो तसाच ठेवतो.

एकशे सहा.
शिपाई कुणाच्या तरी बापाचं नाव पुकारतो.
तीन भाऊ उठतात,
आणि त्यांच्या मागून एक बाई, पिशवी सावरत.
पेनाचं टोपण तिनं आधीच काढून ठेवलंय.